चावीवाल्याच्या घरातला पासवर्ड

सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी टाकेमावशी वरच्या मजल्यावर खिडकीपाशी बसून खालच्या कॉम्प्युटरला हाका मारत होत्या, आणि तो ओ देत नव्हता.

हाक मारायची म्हणजे स्क्रीनवरच्या काळ्या चौकटीत एक छोटासा शब्द आणि त्यापुढे खालच्या कॉम्प्युटरचा नंबर टाइप करायचा. तो जागा असेल आणि ओळख देणार असेल, तर चार ओळींत उत्तर येतं. मावशींना दर वेळी एकच उत्तर मिळत होतं: वाट पाहिली, कोणी बोललं नाही.

"मेला बहिरा आहे की माजलाय?" मावशी म्हणाल्या.

हे त्या कॉम्प्युटरला म्हणाल्या, पण टेबलावर मोबाइलचा स्पीकर चालू होता आणि त्यात भाचा होता. दुसऱ्या गावात तो कॉम्प्युटरच्या दुकानात काम करतो. "आत्या, मला म्हणालीस का?"

"तुलाही म्हणेन. आधी हे चालू कर."

मावशींना अख्खी गल्ली टाकेमावशी म्हणते. त्यांचं काम पंचिंगचं. भरतकामाच्या मशीनला चित्र कळत नाही, तिला फक्त टाके कळतात: सुई कुठे टोचायची, किती अंतरावर, कोणत्या दिशेने, दोरा कधी तोडायचा. चित्राचे असे टाके करून द्यायचे याला धंद्यात पंचिंग म्हणतात. मावशी तरुणपणी कपड्यांच्या कारखान्यात काजं करायच्या. पंचिंग शिकल्या तेव्हा चाळिशी ओलांडली होती. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी सांगितलेली एक गोष्ट त्यांनी मनाशी घट्ट बांधून ठेवली आहे. टाका कापडाला ओढतो. स्क्रीनवर चोख गोल काढला तर कापडावर अंडं उमटतं. कापडावर गोल हवा असेल तर स्क्रीनवर थोडं अंडंच काढायचं, आणि किती, ते कापड बघून ठरवायचं.

घर दोन मजली. वर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली शटरचं दुकान. दुकानाच्या डाव्या अंगाला मावशींच्या यजमानांचं चाव्या बनवायचं बाकडं आणि चावी कापायचं मशीन. उजव्या अंगाला भरतकामाची मशीन. ती सून चालवते. मुलगा मालाच्या ट्रकवर असतो, आठवड्यातून दोन दिवस घरी. वर आणि खाली यांच्यामध्ये बाहेरून लोखंडी जिना आहे, उभा आणि अरुंद. दोन महिन्यांपूर्वी त्याच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मावशी घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, वॉकर आला, आणि डॉक्टरांनी जिन्याला बंदी घातली. किती दिवस, असं विचारल्यावर ते म्हणाले, "बघू." मावशींनी त्याचा अर्थ बरोबर लावला.

तेव्हा त्यांचा कॉम्प्युटर वर आला. टाके वर तयार होतात आणि मशीन खाली आहे. सुरुवातीला त्यांनी पेन ड्राइव्ह टोपलीत घालून खिडकीतून दोरीने खाली सोडला. टोपली खाली गेली की सुनेने मशीन थांबवायची, रस्त्यावर यायचं, पेन ड्राइव्ह घ्यायचा, आत जाऊन लावायचा. एक नमुना शिवून बघायचा, तो टोपलीतून वर पाठवायचा. मावशींनी दुरुस्ती करायची, पुन्हा टोपली. मोबाइलवरून पाठवून पाहिलं, तर एकाच नावाच्या चार फायली जमा झाल्या आणि त्यातली नवी कोणती हे कोणालाच कळेना. त्या गोंधळात पोहण्याच्या क्लबच्या अठरा जॅकेटांवर जुनं डिझाइन शिवलं गेलं, ज्यात माशाला अजून डोळा दिलेला नव्हता. अठरा आंधळे मासे. ते उसवायला सुनेला दोन दिवस लागले आणि त्या दोन दिवसांत ती सासूशी कामापुरतं बोलली.

मग भाच्याने येऊन दोन्ही कॉम्प्युटर घरच्या वाय-फायवर जोडले. खालच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर ठरवला. मावशींनी वर बसून त्यात डिझाइन टाकायचं, सुनेने खाली मशीनवर ते उचलायचं. फाइल एकच, जागा एकच, नवं आलं की जुनं पुसलं जाणार. तीन आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग खालचा जुना कॉम्प्युटर धूर सोडून गेला. परवा नवा आला. भाच्याने फोनवरून सुनेला तसाच फोल्डर करायला लावला, आणि तेव्हापासून वरून तो दिसतच नव्हता.

यात मावशींची झोप उडाली होती त्याचं कारण वेगळं होतं. पलीकडच्या रस्त्यावर भरतकामाचं मोठं वर्कशॉप आहे. त्याच्या मालकाने सुनेला विचारलं होतं, माझ्याकडचा एक पंचिंगवाला रोज अर्धा दिवस तुमच्याकडे खाली येऊन बसेल, चालेल का? सासूबाई बऱ्या होईपर्यंत. तात्पुरतं. सुनेने आज दुपारी बारापर्यंत कळवते असं सांगितलं होतं आणि तसं घरी येऊन सरळ सांगितलंही होतं. तिचं काही चूक नव्हतं. क्लबचे टॉवेल परवा द्यायचे होते. पण मावशींनी कारखान्यात उमेदीची वर्षं काढली होती. तात्पुरता माणूस खुर्चीवर बसला की खुर्ची त्याची होते, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी स्वतः एक खुर्ची तशीच मिळवली होती.

"आत्या, आता मी सांगतो तसं कर," भाचा म्हणाला. "खालच्या कॉम्प्युटरचा नंबर वहिनीकडून पुन्हा वाचून घे. मला शंका आहे, दोघं वेगवेगळ्या वाय-फायवर असतील."

मावशी खिडकीतून वाकल्या. "अगं ए! नंबर वाच बरं परत!"

सून बाहेर आली आणि हातातल्या कागदावरून मोठ्याने आकडे वाचले. समोरच्या बाकावर चावीची वाट बघत बसलेल्या गिऱ्हाइकाने विचारलं, "लॉटरी लागली का?"

"लागली तर तुम्हाला कशाला सांगू?" सून म्हणाली.

आकड्यांचे पहिले तीन गट वर आणि खाली सारखेच होते, फक्त शेवटचा वेगळा. भाचा म्हणाला, म्हणजे गल्ली एकच आहे, घर नंबर तेवढा वेगळा. रस्ता बरोबर आहे. मग तो दार का उघडत नाही? मागे त्याच्या दुकानात कोणी तरी प्रिंटरची शाई मागत होतं.

"वहिनीला विचार, नवा कॉम्प्युटर पहिल्यांदा वाय-फायला जोडला तेव्हा त्याने काही विचारलं होतं का? हा इतरांना दिसू द्यायचा का, असं काही?"

मावशींनी विचारलं. खालून उत्तर आलं, "विचारलं होतं ना! मी नाही म्हटलं!"

"नाही का म्हटलंस?"

"आई, दुकानात दिवसाला दहा अनोळखी माणसं येतात, वाट बघताना आपलंच वाय-फाय वापरतात. त्यांना कशाला दिसू द्यायचं?"

भाचा फोनमध्ये हसला. "वहिनीचं डोकं शाबूत आहे. पण त्यामुळे कॉम्प्युटर आत्यापासूनही लपला. त्याला वाटतंय तो स्टेशनवर बसलाय. त्याला सांगा, हे घर आहे."

सुनेने खाली सेटिंग उघडली. सार्वजनिक होतं ते खासगी केलं. मावशींनी वरून पुन्हा हाक मारली. चार ओळी आल्या, एकामागून एक. खालचा कॉम्प्युटर ओ देत होता.

"बोलला!" मावशी म्हणाल्या, आणि लगेच त्याच्या नावावर दोनदा क्लिक केलं. तेव्हा त्याने नाव आणि पासवर्ड विचारला.

मावशींनी स्वतःचं नाव टाकलं. नकार. सुनेचं टाकलं. नकार. भाचा म्हणाला, अंदाजपंचे दाहोदरसे करू नकोस, खाली कोणत्या नावाने खातं उघडलंय ते विचार. ते "दुकान" या नावाने होतं. कॉम्प्युटर विकणाऱ्याने तसं करून दिलं होतं. मावशींनी तेच नाव इंग्रजी अक्षरांत टाकलं, पासवर्डचा रकाना रिकामा सोडला आणि एंटर दाबलं. या वेळी नकार वेगळा होता. मावशींनी तो अडखळत वाचून दाखवला. या खात्यावर निर्बंध आहेत. उदाहरणार्थ, रिकामा पासवर्ड चालत नाही.

"इथेच घोडं पेंड खातंय," भाचा म्हणाला. "खालच्याला पासवर्डच नाही?"

"आपल्याकडे कशाला असेल?"

"मग समोर बसलं की तो उघडतो, पण बाहेरून कोणी आलं आणि पासवर्ड नसला, तर दारात उभं करत नाही. जुना उघडायचा, नवे कडक झालेत. पासवर्ड लावा, दोन मिनिटांचं काम आहे."

"पासवर्ड न लावता नाही का होणार? तुला काही तरी येत असेल."

"येतं. पण मग जो कोणी बाकावर बसून वाय-फाय वापरतो तो तुझी सगळी डिझाइनं उचलून नेऊ शकेल. मी ते करणार नाही, आत्या. माझ्या दुकानात गिऱ्हाईक आलंय. पासवर्ड लावा आणि मला फोन करा." त्याने फोन ठेवला.

दोन मिनिटांचं काम. मावशी खुर्चीवर तशाच बसून राहिल्या. या घरात ते दोन मिनिटांचं नव्हतं.

चावीवाले काका चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडत आणि चाव्या कापत आले आहेत, आणि त्यांच्या घरात एकही कुलूप नाही. कपाटाला नाही, ट्रंकेला नाही, गल्ल्याला नाही. दिव्याखाली अंधार, असं लोक म्हणतात. काका ते ऐकून घेतात. ते लहान होते तेव्हा घर मोठं होतं आणि सगळ्या कपाटांच्या किल्ल्या थोरल्या काकूच्या कमरेला असत. त्यांच्या आईला साबणाची वडी हवी असली तरी काकूला विचारावं लागे. काकू विचारे, "परवाची संपली इतक्यात?" तो मुलगा मोठा होऊन चाव्या बनवायला शिकला यात नवल नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मावशींना एकच नियम सांगितला: या घरात कशालाही कुलूप लागणार नाही. मोबाइललाही त्यांनी कधी आकडे लावू दिले नाहीत. नवा कॉम्प्युटर आला तेव्हा विक्रेत्याने पासवर्ड काय ठेवू विचारलं, आणि काका बाकड्यावरून म्हणाले होते, "काही नको. घरातला आहे."

मावशींनी खिडकीतून हाक मारली. "अहो! जरा बाहेर या!"

काका शटरबाहेर आले. चष्मा कपाळावर, बोटांना पितळेची भुकटी. "काय?"

"खालच्या कॉम्प्युटरला पासवर्ड लावायला लागेल."

"नाही."

"पूर्ण ऐकून तरी घ्या."

"ऐकलं. पासवर्ड म्हणजे कुलूप. नाही." ते वळले.

"अहो, मी वरून हाका मारतेय, तो ओळखतोय, पण आत घेत नाही! पासवर्ड नाही म्हणून!"

"कुलूप नाही म्हणून आत घेत नाही?" काका पुन्हा फिरले. "असं कुठे असतं? कुलूप नसलं की माणूस आत जातो. मी चाळीस वर्षं हेच बघतोय."

बाकावरचं गिऱ्हाईक म्हणालं, "काका, माझी चावी—"

"होतेय!"

सुनेने मशीन थांबवली होती. ती दारात उभी राहिली. तिच्या हातात मोबाइल होता आणि बाराला तीन तास उरले होते. मावशींना तो मोबाइल वरूनही दिसत होता.

भांडण मावशींना जमतं. पण या नियमाशी त्या कधी भांडल्या नव्हत्या, कारण त्यांना तो आवडायचा. साबणाची वडी त्यांनाही कोणाला विचारावी लागली नव्हती. त्या खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकून खाली बघत राहिल्या. त्यांना दुकानाच्या मागच्या बाजूचं दार आठवलं.

"मागच्या दाराला लॅच कोणी बसवला?" त्यांनी विचारलं.

काका थांबले. "मी. वाऱ्याने दार उघडायचं, मांजर शिरायचं. ते कुलूप नव्हे, लॅच आहे."

"आतून कसा उघडतो?"

"मूठ फिरवली की."

"आणि बाहेरून?"

"किल्लीने." काकांनी डोळे बारीक केले. धंद्यातला प्रश्न आला की त्यांचा आवाज बदलतो. "आत उभा आहे त्याला किल्ली लागत नाही. बाहेरच्याला लागते."

"हा कॉम्प्युटर तस्साच आहे. तुम्ही खाली त्याच्यासमोर बसता, मूठ फिरवता, उघडतो. मी बाहेरून येतेय. आणि मला तुम्ही किल्लीच बनवून दिलेली नाही."

मग गिऱ्हाईक म्हणालं, "बरोबर आहे मावशींचं."

"तुम्ही मध्ये बोलू नका, तुमची चावी आधी कापतो," काका म्हणाले, आणि खरोखरच आत जाऊन त्याची चावी कापली. मशीनचा करकर आवाज वर ऐकू आला. दोन चाव्यांना लागतो तेवढा वेळ गेला.

मग लोखंडी जिना वाजला. काकांच्या गुडघ्यांनाही तो जिना आवडत नाही. दिवसातून एकदा उतरायचं आणि एकदा चढायचं एवढाच त्यांचा त्याच्याशी करार. ते वर आले, दम घेतला, पलंगाच्या कडेवर बसले. मागोमाग सून आली.

"लॅचची किल्ली कुठे असते?" काकांनी विचारलं.

"बाहेर शेडमध्ये, खिळ्याला," सून म्हणाली. "कायमची."

"कोणाची आहे?"

"कोणाचीच नाही. सगळ्यांची."

"हां. मग या किल्लीचंही तसंच. तुझ्याकडे, हिच्याकडे, माझ्याकडे, आणि तो ट्रकवरून आला की त्याच्याकडे. बदलायची झाली तर त्याच दिवशी चौघांना सांगायची. या घरात किल्ली मागायला कोणी कोणाकडे जायचं नाही. हे कबूल असेल तर लावा."

"कबूल," मावशी म्हणाल्या.

सुनेला त्यामागची साबणाची गोष्ट माहीत होती की नाही, सांगता येत नाही. ती म्हणाली, "बाबा, मीच विसरेन, तेव्हा तुम्हाला विचारावं लागेल."

"विसरलीस तर वरून ओरडून सांगेन. गल्लीसकट."

"मग कुलूप लावलं कशाला?" सून म्हणाली, आणि काका हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच.

पासवर्ड काकांनीच ठरवला. किल्ली बनवायची तर ती दुसऱ्या कोणी बनवावी हे त्यांना सहन झालं नसतं. तो काय आहे ते इथे लिहिण्याचं कारण नाही. सुनेने खाली जाऊन तो लावला. मावशींनी वरून पुन्हा खालच्या कॉम्प्युटरच्या नावावर क्लिक केलं, खात्याचं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. पहिल्यांदा चुकला, कारण मोठी अक्षरं चालू राहिली होती. दुसऱ्यांदा दार उघडलं. फोल्डर दिसला. आत काहीच नव्हतं, आणि मावशी त्या रिकाम्या फोल्डरकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

खाली एक छोटी चौकट होती: पासवर्ड लक्षात ठेवायचा का? मावशींनी तिथे खूण केली.

"म्हणजे किल्ली दारालाच लटकवून ठेवायची?" खांद्यावरून बघणारे काका म्हणाले. त्यांच्यातला कारागीर दुखावला होता.

"माझ्या दाराला. इथे माझ्याशिवाय बसतं कोण?"

"कोणी बसणार नाही," काका म्हणाले आणि जिन्याकडे निघाले.

मग खरं काम सुरू झालं. टॉवेलवर मासा शिवणं हे जॅकेटवर शिवण्यासारखं नाही. टॉवेलला सुताची वळी असतात, ती टाक्यांमधून डोकं वर काढतात आणि मासा केसाळ दिसतो. त्यासाठी आधी खाली विरळ टाक्यांचा पाया घालायचा, वळी दाबून टाकायची, मग वरचे टाके. मावशींनी पाया घातला आणि डिझाइन सरळ खालच्या फोल्डरमध्ये ठेवलं. "आलं?" त्यांनी खिडकीतून विचारलं. "आलं," खालून उत्तर आलं. मशीन सुरू झाली. मावशींना मशीनच्या आवाजावरून कळतं की सुई पोटावर आहे की शेपटीवर; शेपटीला टाके छोटे, आवाज घाईचा. शेपटी संपली, आवाज थांबला, आणि नमुना टोपलीत बसून वर आला. टोपली तेवढी राहिलीच. कापड काही वाय-फायवरून येत नाही.

मासा ठीक होता. डोळा होता. शेपटीच्या टोकाला मात्र वळी डोकावत होती. मावशींनी पाया तिथपर्यंत नेला, शेपूट ओढली जाते म्हणून ती स्क्रीनवर किंचित लांब केली, पुन्हा फोल्डरमध्ये ठेवलं. या वेळी त्यांना विचारावं लागलं नाही. मशीन आपणहून सुरू झाली. सून जागेवरून उठलीच नव्हती. दुसरा नमुना वर आला तो मावशींनी उजेडात धरला, उलटा करून दोरा बघितला, अंगठा शेपटीवरून फिरवला.

"घाल सगळ्यांवर," त्यांनी खाली सांगितलं.

साडेअकराच्या सुमाराला सुनेने वर्कशॉपवाल्याला फोन लावला. ती शटरबाहेर उभी होती आणि मुद्दाम की सवयीने, मोठ्याने बोलत होती. "नाही, माणूस पाठवू नका. हो, जमलं. नाही हो, सासूबाईच करतायत." थोडं ऐकून ती म्हणाली, "ते पुढचं पुढे. तुमच्याकडे पंचिंगचं काम जास्त झालं तर आमच्याकडे पाठवा की." मग तिने फोन खिशात टाकला आणि वर बघितलं. मावशी खिडकीत नव्हत्या असं मावशींचं म्हणणं आहे.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "पासवर्ड लावला? काका काय म्हणाले?"

"लॅच म्हणाले."

"काय?"

"काही नाही. चालू झालं."

भाच्याने एक गोष्ट बजावून सांगितली. खालचा कॉम्प्युटर बंद असला किंवा झोपला, तर वरून काहीही दिसणार नाही. मग पासवर्ड आठवत बसू नका. झोपण्याची सेटिंग सुनेने लगेच बदलली. बंद असण्याचा प्रश्न मात्र काकांचा होता. खालचा कॉम्प्युटर आणि चावीचं मशीन एकाच बोर्डावर आहेत. काका दुकान बंद करताना सगळी बटणं खाली करतात आणि सकाळी फक्त स्वतःचं वर करतात. त्यांना ही सवय सोडायला सांगावं की नाही यावर सासू-सुनेत थोडी कुजबुज झाली. काकांनी ती ऐकली. त्यांनी खिशातून पितळेची एक कोरी चावी काढली, बोर्डावरच्या डावीकडच्या, कॉम्प्युटरच्या बटणाशेजारी भिंतीत खिळा ठोकला आणि ती त्याला लटकवली. ती कुठलंच कुलूप उघडत नाही. बटण दिसावं एवढंच तिचं काम.

उद्या सव्वासातला शटर वर जाईल. आधी डावीकडचं बटण, मग चावीच्या मशीनचं. साडेसातला वरून हाक येईल, आणि टॉवेलांचा दुसरा गठ्ठा मशीनवर चढेल.